अश्रुमार्गावरोध : दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रकर्माचे यश कशावर अवलंबून असते?

डोळ्यातून सतत पाणी गळणारा, नाकालगतच्या कोपऱ्यात वारंवार पू साचणारा रुग्ण आपल्या सातारा-सांगली भागात बहुधा प्रथम औषधाच्या दुकानात, नंतर वैद्यांकडे आणि अखेरीस मिरज वा कऱ्हाड येथील रुग्णालयात पोहोचतो. शस्त्रकर्माच्या यशापयशाचा बराचसा भाग या आधीच्या दोन पायऱ्यांवरच ठरतो, असे आमचे मत आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नऊ संधिगत नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांपैकी कनीनक संधीतील पूयालस हा सिरावेधाने साध्य, तर चारही स्राव असाध्य मानले आहेत. पूयालस म्हणजे आजचा अश्रुकोशशोथच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि औषधाने न हटणारा स्राव निराळा ओळखावा, ही दृष्टी आजही मोलाची आहे. नासाश्रुनलिका पूर्णपणे बंद झाली की कोणत्याही थेंबांनी ती उघडत नाही.

अशा वेळी अश्रुकोशातून थेट नाकात नवा मार्ग काढतात. यालाच ‘डीसीआर’ म्हणतात. बाहेरून छेद घेऊन करावयाची पद्धत टोटी यांनी 1904 मध्ये मांडली. नाकातून दुर्बिणीने करावयाची पद्धत 1989 नंतर रुळली. हिच्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही. निवडक रुग्णांत 100 पैकी 85 ते 95 जणांना गुण येतो, असे अनेक ठिकाणचे अनुभव आहेत. उरलेल्यांना तो का येत नाही, हा खरा अभ्यासाचा विषय होय.

पहिले कारण अवरोधाचे स्थान. अश्रुकोशाच्या खाली अडथळा असेल तर यश उत्तम. परंतु पापणीच्या कडेपासून कोशापर्यंतच्या सूक्ष्म अश्रुवाहिन्याच बंद असतील तर कोश कितीही उघडला तरी पाणी तेथवर पोहोचतच नाही. अर्दितात पापणी शिथिल झालेल्या रुग्णाचेही तसेच. फुगलेला, बोटाने दाबल्यावर पू बाहेर टाकणारा कोश शस्त्रकर्मास अनुकूल, तर वारंवारच्या शोथाने आकसलेला कोश प्रतिकूल. म्हणूनच महिनोन्‌महिने थेंबांवर काढलेला काळ महागात पडतो. अपघातानंतरचा किंवा पूर्वी एकदा शस्त्रकर्म फसलेला रुग्णही कठीणच.

त्यानंतर नाक. वाकडा पडदा, मोठी मध्य शुक्तिका, जुनाट प्रतिश्याय यांमुळे जागा अपुरी पडते व पुढे व्रणबंध तयार होतात. पडद्याची दुरुस्ती प्रसंगी त्याच वेळी करावी लागते. अस्थीतील छिद्र पुरेसे मोठे करणे आणि कोश वरपर्यंत उघडणे हे शस्त्रवैद्याचे कौशल्य. कारण भरून येताना छिद्र बरेच आकुंचन पावते. सिलिकॉनची नळी प्रत्येकास हवीच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

शस्त्रकर्मानंतरचे पहिले काही आठवडे निर्णायक. नाकातील खपल्या वेळेवर न काढल्यास मांसांकुर वाढून नवे द्वार बुजते. रुग्ण दूरच्या गावाहून यायचा, त्यात ऊसतोडीचे दिवस. तपासणी चुकते ती येथेच. तपकीर व धूम्रपान बंद ठेवण्यास सांगावे. नस्य शस्त्रवैद्याच्या संमतीखेरीज सुरू करू नये. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे, गुग्गुळाचे कल्प वा मोठ्या मात्रेत लसूण घेत असल्यास शस्त्रकर्मापूर्वी तसे कळवावे. दुर्बिणीच्या कामात थोडाही रक्तस्राव दृष्टीआड करतो.

औषधविक्रेत्यांसाठी एक विशेष गोष्ट. वाळवा, कऱ्हाड या ऊसपट्ट्यात पात लागून बुबुळास जखम होणे नित्याचे. कोशात पू असेल तर त्या जखमेस जंतू सतत मिळत राहतात आणि डोळा गमावण्याची वेळ येते. अशा डोळ्यात स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देणे घातक. बुरशीचा संसर्ग त्याने बळावतो. मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मापूर्वी अश्रुमार्ग तपासतात तोही याच भीतीने. कोशात पू असता भिंग बसविल्यास डोळ्याच्या आत संसर्ग होऊ शकतो. म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरास निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कनीनकाजवळ बोटाने हलके दाबून पाहावे आणि पू आल्यास आधी त्याची चिकित्सा करवून घ्यावी.

तान्ह्या बालकांचा विषय निराळा. त्यांच्यात नलिकेच्या खालच्या टोकाशी पडदा राहिलेला असतो आणि कोशावर वरून खाली मर्दन केल्याने बहुतेकांचा मार्ग पहिल्या वर्षातच मोकळा होतो. मर्दनाची रीत मातेस प्रत्यक्ष करून दाखवावी.