नितळ पाणी शुद्ध असते का?



हा पाठ रविवारच्या शाळेनंतर मुलांसोबत घ्यावा.

लोहा म्हटले की लोह आठवते. तिथूनच सुरुवात करू. लोह हे मूलद्रव्य आहे, कारण त्यात एकाच प्रकारचे अणू असतात. पाणी हे संयुग आहे. १८ ग्रॅम पाण्यात हायड्रोजन २ ग्रॅम आणि ऑक्सिजन १६ ग्रॅम असतो, मग ते पाणी गोदावरीचे असो की मन्याडचे. मूलद्रव्ये आणि संयुगे यांना रसायनशास्त्रात शुद्ध पदार्थ म्हणतात.

मिश्रणात असे प्रमाण ठरलेले नसते. वाळूत लोखंडाचा कीस मिसळला तर चुंबकाने तो वेगळा करता येतो. हे विषमांगी मिश्रण. मीठ पाण्यात विरघळले की दिसेनासे होते. हे समांगी मिश्रण.

करून पाहा : गढूळ पाणी आणि मिठाचे पाणी कापडातून गाळा. माती बरीचशी कापडावर राहते, मीठ मात्र खाली उतरते. आता बोअरच्या पाण्याचे थोडे थेंब स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवा. बहुधा पांढरा डाग उरेल. म्हणजे नितळ दिसणारे ते पाणीही मिश्रणच होते.

क्षार असणे वाईट नाही. पिण्याच्या पाण्यात ते असतातच. प्रश्न कोणते आणि किती, हा आहे. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवटकडील आदिवासी भागात, काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे आखडतात.

निर्गम १५ मध्ये मारा येथील पाणी कडू होते, म्हणून लोकांना धोका लगेच कळला. फ्लोराइड चवीवरून कळत नाही. कापडाने गाळून ते जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. म्हणून पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. फ्लोराइड जास्त निघाल्यास पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरावा. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत चुना व तुरटी वापरून ते कमी करता येते; मात्र मात्रा जाणकारानेच ठरवावी.

चर्चेसाठी :
१. साखर, दूध, तांबे, हवा : यांत शुद्ध पदार्थ कोणते, मिश्रणे कोणती?
२. आपण भेट देतो त्या वाडी-तांड्यावरील हातपंपाचे पाणी शेवटचे कधी तपासले गेले?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर तहानेल्याला पाणी देण्याची आपली सेवा तिथूनच सुरू होऊ द्या.