कुस्तीपूर्वी अंग गरम करण्याचे शास्त्र

कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या कळंबा तलावाच्या काठी पहाटे व्यायाम करणारे तरुण नेहमी आढळतात. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने मल्लविद्येचे माहेरघर बनलेल्या या परिसरात जोर-बैठकांचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. तथापि, बळ वाढविण्याचा व्यायाम आणि कुस्तीपूर्वी अंग गरम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा पुष्कळदा विसर पडतो.

हलक्या हालचालींनी स्नायूंकडील रक्तप्रवाह वाढतो व त्यांचे तापमान चढते. उबदार स्नायू अधिक लवचिक होतात आणि वेगाने आकुंचन पावतात. थंडीच्या दिवसांत या तयारीस अधिक वेळ द्यावा लागतो.

प्रथम ५ मिनिटे संथपणे धावावे. नंतर मान, खांदे, कंबर व गुडघे यांच्या हालचाली सावकाश कराव्यात. मानेला झटका देऊ नये. त्यानंतर थोडे जोर, थोड्या बैठका आणि शेवटी जोडीदाराबरोबर हलकी खडाखडी करावी. एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक काळ ताण दिल्यास स्नायूंचे बळ तात्पुरते घटते. तसा ताण कुस्तीनंतर द्यावा.

अंगाला हलका घाम आला, परंतु धाप लागली नाही, म्हणजे तयारी पूर्ण झाली असे समजावे. कुस्तीच्या तोंडावर शेकडो जोर काढणारा मल्ल आपली शक्ती आखाड्याबाहेरच खर्च करतो. पुकारा होण्यास विलंब झाल्यास अंगावर कपडा घेऊन हालचाल चालू ठेवावी. कारण मिळविलेली ऊब थोड्याच वेळात ओसरते.