डिझेल गाडीचे ऑइल : बदलण्याची खरी रीत

कापड असो, फळे असोत, फर्निचर असो की फॅब्रिकेशन, आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दारात आज एखादी डिझेल गाडी असतेच. तिच्यातूनच मालाचे गठ्ठे जातात, तिच्यातूनच उधारी वसुलीच्या फेऱ्या होतात. दुकानाच्या कुलपाची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी या गाडीच्या ऑइलची घेत नाही. इंजिनाचे काम निघाले की मात्र महिन्याची कमाई गॅरेजमध्ये जाते आणि धंदा आठवडाभर खोळंबतो तो वेगळाच. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने काम करायचे आहे त्यांच्यासाठी तो आहेच, पण गॅरेजवाल्याजवळ उभे राहून काम करून घेणाऱ्यांसाठी आणि गॅरेज चालविणाऱ्या आपल्या भावांसाठीही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. डिझेल गाडीचे ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. लोक म्हणतात, ऑइल खराब निघाले. तसे नाही. डिझेल जळताना काजळी होते, तिचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो, आणि ती काजळी कोठेही साचू न देता स्वतःत धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. तेव्हा रंगावरून निकाल देऊ नये. निकाल किलोमीटर आणि महिन्यांवरून द्यावा. बहुतेक डिझेल कारना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत देते. काहींना जास्त असते, ती गाडीच्या पुस्तकात पाहावी. पण जी गाडी बाजारात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारते, धुळीत चालते, माल लादून घाट चढते, तिची मुदत आम्ही त्याहून कमीच धरू.

आता कोणते ऑइल घ्यावे? कॅनवर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. यातला ‘डब्ल्यू’ हा विंटर म्हणजे हिवाळ्याचा आहे, वजनाचा नव्हे. पहिला आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो, दुसरा गरम इंजिनातला घट्टपणा. त्याच्याजवळ एपीआयची अक्षरे असतात. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आणि जी अक्षरे दिली आहेत तीच घ्यावीत. घट्ट ऑइल म्हणजे जास्त ताकद, असा हिशेब लावून नव्या इंजिनात जाड ऑइल ओतणे ही चूक आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. तिथली काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे ऑइलच लागते. ते महाग आहे, तरी तिथे जुने स्वस्त ऑइल टाकून वाचविलेला पैसा पुढे त्या फिल्टरला द्यावा लागतो.

ऑइल पक्क्या बिलावर, ओळखीच्या दुकानातून घ्यावे. बाजारात रिकामे कॅन विकत घेऊन त्यात गाळलेले जुने तेल भरणारे लोक आहेत. म्हणून काम झाल्यावर रिकामा कॅन पत्रा कापण्याच्या कात्रीने कापून टाकावा. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते न करणे म्हणजे कुणा दुसऱ्या भावाच्या फसवणुकीला सामान पुरविणे आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी लावावी आणि पाच-दहा मिनिटे चालू ठेवून इंजिन कोमट करावे. थंड ऑइल गाळासकट उतरत नाही आणि फार तापलेले ऑइल हात भाजते. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलायची असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. जॅक उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी नाही. खाली पक्के स्टँड लावावेत. याबाबतीत घाई करणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही.

वरचे झाकण उघडावे म्हणजे ऑइल सुरळीत उतरते. चेंबरच्या खालचा नट बरोबर मापाच्या रिंग पान्याने सैल करावा. चालू पान्याने कोपरे मारले जातात आणि मग छिन्नी-हातोड्याची वेळ येते. ऑइल पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे. नटाखालचा वायसर दर वेळी नवा टाकावा. तो तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, दबून एकदाच बसतो, आणि त्याची किंमत एका चहाएवढी आहे. नट आधी हाताने फिरवावा, आटे नीट धरल्याची खात्री झाल्यावर पाना लावावा. बऱ्याच गाड्यांचे चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे असते. त्यावर जोर दाखविला की आटे जातात आणि मग सगळे चेंबरच बदलावे लागते.

काही गॅरेजमध्ये ऑइल उतरल्यावर केरोसीन किंवा डिझेल ओतून इंजिन ‘धुण्याची’ रीत आहे. आम्ही ती करू नये असे म्हणू. ते सगळे कधीच बाहेर येत नाही, आतल्या नाल्यांत राहते आणि नवीन ऑइल पहिल्याच दिवशी पातळ करते.

फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. एकाआड एक बदलण्याची काटकसर म्हणजे स्वच्छ कपडा मळक्या पाण्यात बुडविण्यासारखे आहे. जुन्या फिल्टरची रबरी चकती त्याच्याबरोबरच निघाली की इंजिनला चिकटून राहिली, हे बोट फिरवून पाहावे. दोन चकत्या एकावर एक बसल्या तर रस्त्यात सगळे ऑइल बाहेर फेकले जाते. नवीन चकतीला ताजे ऑइल चोळावे, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि पुढे खोक्यावर लिहिले असेल तेवढाच, साधारण पाऊण फेरा आवळावा. ज्या गाडीत कागदी फिल्टर प्लॅस्टिकच्या डब्यात बसतो तिथे डब्याची रबरी रिंगही बदलावी.

आता ऑइल भरणे. किती मावते ते पुस्तकात असते. त्याहून थोडे कमी ओतावे. इंजिन चालू करावे, रेस देऊ नये. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर ताबडतोब बंद करावे. टर्बोचा दांडा जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. कोरडा फिरला की संपला. दोन मिनिटांनी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिक पुसून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी, वर नसावी.

जास्त भरले तर चांगलेच, असे समजणारे पुष्कळ आहेत. जास्त ऑइलमध्ये क्रँक आपटतो, फेस होतो आणि फेसाला बेअरिंग सांभाळता येत नाही. डिझेल इंजिनात आणखी एक धोका आहे. जादा ऑइल हवेच्या मार्गाने आत ओढले गेले तर इंजिन त्यालाच डिझेल समजून जाळते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. बीएस-६ गाडीत ऑइल न टाकताच पातळी चढलेली दिसली तर समजावे की धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सोडलेले डिझेल खाली ऑइलमध्ये मिसळत आहे. छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्ध्यावर राहते, म्हणून असे होते. मग मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलावे.

कमी ऑइलचे नुकसान सर्वांना ठाऊक आहे, पण एक उदाहरण देतो. फियाटने तयार केलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. या इंजिनाची टायमिंग चेन ऑइलच्या दाबाने ताणून राहते. ऑइल कमी किंवा जुने असले की चेन सैल पडते, सकाळी खडखड ऐकू येते आणि दुर्लक्ष केले तर इंजिन उघडावे लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करून हा आवाज ऐकावा.

गॅरेज चालविणाऱ्या बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ग्राहकाने कॅनचे पैसे दिले असतील तर त्यात उरलेले अर्धा लिटर ऑइल त्याची अमानत आहे. ते त्याच्या डिकीत ठेवावे, जुना फिल्टर त्याला दाखवावा. माप मारणाऱ्यांचा निषेध करणारी सूरह अल-मुतफ्फिफीन धान्याच्या मापापुरतीच आहे, असे कुणी समजू नये.

उतरलेले काळे तेल गटारात ओतू नये, जाळू नये. काही कारखान्यांत ते लूमला घालतात. कोऱ्या कपड्यावर त्याचा डाग पडला की प्रोसेसलाही निघत नाही आणि तो ताका फेंटमध्ये जातो. २०१६ च्या नियमांनुसार हे तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात जमवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्यावे. रोज या तेलात हात घालणाऱ्याला कातडीच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून हातमोजे घालावेत. हात पेट्रोलने नव्हे तर साबणाने धुवावेत. वुझूच्या आधी नखांजवळचा काळा थर घासून काढावा, कारण पाणी कातडीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब पडतो का ते पाहावे, आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.