ब्रा लवकर सैल होतात, काय करू?

प्रश्न : महागाच्या ब्रा घेऊनही काही महिन्यांत खालचा पट्टा सैल पडतो. इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुते. काय चुकतंय?

उत्तर : पट्ट्याला ताण देतो तो इलॅस्टेनचा धागा. उष्णता आणि क्लोरिनचं ब्लीच त्याचे वैरी, म्हणून गरम पाणी, ड्रायर, इस्त्री नकोच. थंड पाणी, सौम्य द्रव साबण, हाताने हलकं चोळणं पुरे. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. मशीनच वापरायचं तर हुक लावून जाळीच्या पिशवीत घाला.

आणखी एक घोळ वाळवताना होतो. लाजेपोटी आपण ब्रा ओढणीखाली किंवा न्हाणीघरात दडवून वाळवतो. तिथे ती दमट राहते, पावसाळ्यात तर दिवसभर, आणि त्वचेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. यात लाजण्यासारखं काहीही नाही. सावलीत, खेळत्या हवेत उघडी वाळवा. खांद्याच्या पट्ट्यांवर मात्र टांगू नका, ओल्या वजनाने ते ताणले जातात.

तीच ब्रा लागोपाठ रोज घालू नका. नवी घेताना सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या, म्हणजे सैलावल्यावर आतल्या हुकांवर येता येईल. आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर वर चढू लागला, की ती बदला.