एलियाची भाकर



एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९:४-८). देवदूताने त्याच्या श्रद्धेची झाडाझडती घेतली नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मग तो चाळीस दिवस चालला.

आपले लेकरू जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, तेव्हा आपण ‘नाटक’ म्हणतो किंवा लोकलाजेस्तव लपवतो. मनाचा आजार पाप नव्हे. तापाप्रमाणे त्यालाही औषधोपचार असतो. आधी जवळ बसा, ऐका. प्रार्थना करा आणि बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातही न्या. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

देवदूताची ती भाकर आज आपल्या हाती आहे.