चाकोरी आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग

(ग्रामशिक्षक व उपदेशक ह्यांच्या सभेत वाचून चर्चा करण्याकरिता अभ्यासपाठ)

चाकोरी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पावसाळ्यात गाडीवाटेच्या चिखलात चाके रुततात, मागून येणाऱ्या गाड्या त्याच खुणेवरून जातात, आणि पुढे ऊन पडले म्हणजे ती खूण दगडासारखी टणक होते. मग बैलांस हाकावे लागत नाही. गाडीवानास डुलकी लागली तरी गाडी चालतच राहते. हा चाकोरीचा गुण होय. परंतु वाटेलगतच्या शेतात गाडी न्यावयाची झाली म्हणजे तीच चाकोरी चाक सोडीत नाही.

मनुष्याच्या कामाचेही असेच आहे. नियमितपणा हा दोष नव्हे. तो नसेल तर शाळा व मंडळी दोन्ही चालणार नाहीत. तर मग चांगली सवय कोठे संपली व चाकोरी कोठे लागली, हे ओळखावे कसे? आम्हांस त्याच्या दोन खुणा दिसतात. पहिली ही की, कामाचा हेतू विसरला जातो व रीत तेवढी उरते: घंटा होते, हजेरी घेतली जाते, परंतु कोणाकरिता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दुसरी ही की, फळ आले नाही म्हणजे दोष नेहमी दुसऱ्याच्या दारी जातो. "आईबापांस शिक्षणाची चाड नाही, म्हणून मुले येत नाहीत," हे वाक्य ज्याच्या तोंडी वर्षानुवर्षे बसले आहे, त्याने आपले चाक कोठे आहे ते पाहावे.

ह्या पाठासाठी आम्ही आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घेतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्या राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात मोठ्या हुद्द्यावर होत्या. ते मानाचे काम सोडून त्या १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाईही पूर्वी वकील होते व वकिली सोडूनच ह्या कामात पडले होते. पुढे बालशिक्षणात ताराबाईंचे नाव झाले. परंतु ते शिक्षण बहुतेक शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांस मिळत होते, खेड्यातील गरिबांच्या मुलांस नव्हे. ही गोष्ट त्यांच्या मनास लागली, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या गावी जाऊन राहिल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या ह्या बाई कष्टाने शिकून शिक्षिका झाल्या होत्या; पुण्यातील बरी नोकरी सोडून त्या आल्या.

गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. येथे चाकोरीतील शिक्षकाने आईबापांस बोल लावला असता. ह्या दोघींनी शाळाच उचलून वस्तीत नेली. झोपडीपुढील अंगणात मुले गोळा करावी, त्यांचे हातपाय धुवावे, गाणी व गोष्टी सांगाव्या, असा क्रम सुरू झाला. आणि त्यास 'अंगणवाडी' हे नाव पडले. महागडी शैक्षणिक साधने खेड्यास परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया व पाने हीच साधने झाली. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. तेथे गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नसत, म्हणून शिक्षक कुरणात गेले. मोठ्या मुली धाकट्या भावंडांस सांभाळण्यास घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एके ठिकाणी आणिली; त्यास 'विकासवाडी' म्हणत. बहीण भावंडास कडेवर घेऊन येई, त्यास पाळणाघरात ठेवी, व आपण वर्गात बसे.

सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना काढिली. तिच्या केंद्रांस आजही अंगणवाडी हेच नाव आहे.

ह्यावरून आम्ही तीन गोष्टी शिकतो. पहिली: त्यांनी हेतू बदलला नाही, रीत बदलली. चाकोरी सोडणे म्हणजे काम टाकणे नव्हे. दुसरी: "मुले का येत नाहीत?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शाळेत बसून दिले नाही; वस्तीत जाऊन शोधले. एकास गुरे आड आली होती, दुसरीस कडेवरचे मूल. प्रत्येक अडचणीस वेगळा उपाय लागला. तिसरी: त्यांनी हाताशी होते त्यापासून आरंभ केला, इमारत व पैसा येण्याची वाट पाहिली नाही.

आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसे. त्याचे चुकते आहे हे पाहुणा आलेल्या इथ्रोस एका दिवसात दिसले. मोशेस स्वतःस दिसले नव्हते. चाकोरीत असलेल्यास ती बहुधा दिसत नाही. म्हणून जो आपणांस खरे सांगेल, अशा एखाद्या शेजाऱ्यास किंवा वडीलधाऱ्यास आपले काम दाखवावे, आणि तो बोलू लागला म्हणजे मध्ये बोलू नये.

बंधुभगिनींनो, गाडी चाकोरीतून एकदम हिसडली तर आस मोडतो. वाट जेथे थोडी सपाट असेल तेथे हळूच वळवावी. म्हणून सर्वच बदलू नका. एकच गोष्ट निवडा, ती तीन महिने करून पाहा, व फळाची नोंद ठेवा. परंतु उद्यावर टाकू नका. शिक्षकाचे एक वर्ष वाया गेले तर त्यास दुसरे मिळते. गुरांमागे गेलेल्या मुलाचे सहावे वर्ष त्यास पुन्हा मिळत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामातील कोणती रीत केवळ पूर्वीपासून चालत आली म्हणून चालू आहे?

२. आपल्या गावातील कोणती मुले शाळेत येत नाहीत? प्रत्येकाच्या घरी जाऊन कारण लिहून आणा.

३. आपल्या कामाविषयी आपणांस खरे सांगणारा मनुष्य कोण आहे? त्यास आपण शेवटचे केव्हा विचारले?