लय सुधारल्यानंतरचे चार आठवडे



धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तू निवासी वैद्य म्हणून रुजू झाल्याचे येथे जळगावी कळले व परम संतोष वाटला. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाची लय विजेच्या धक्क्याने क्षणार्धात पूर्ववत झालेली पाहून तुला झालेला आनंद यथार्थच आहे. बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ साली ही रीत जगापुढे मांडल्यापासून असंख्य वैद्यांनी तो अनुभवला आहे. परंतु लय सुधारली म्हणजे धोका टळला, असे क्षणभरही मानू नकोस.

अलिंद नुसते थरथरत असता त्याच्या डाव्या कोपऱ्यातील पिशवीत, वैशाखात पांझरेच्या पात्रात उरलेल्या डबक्यासारखे, रक्त साचून राहते व गोठते. आणि ईसीजीच्या पट्टीवर सर्व सुरळीत दिसू लागले तरी अलिंदाचे आकुंचन कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे, मंदच राहत असल्यामुळे त्या अवधीत नवी गुठळी बनू शकते, व बळ परतताच ती सुटून मेंदूकडे जाते. लय औषधाने सुधारली अथवा आपोआप, तरी हे भय तेच.

म्हणून रोग ४८ तासांहून जुना असेल, किंवा आरंभ निश्चित ठाऊक नसेल, तर रक्त न गोठू देणारे औषध धक्क्यापूर्वी निदान तीन आठवडे व नंतर निदान चार आठवडे अखंड चालले पाहिजे. चोपड्याचा वा साक्रीचा शेतकरी 'कालपासून धडधडतंय' म्हणतो, तेव्हा ती तारीख धडधड जाणवल्याची असते, रोगाची नव्हे. अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खातरजमा झाली, तर आधीचे तीन आठवडे वाचतात. नंतरचे चार मात्र कोणालाही माफ नाहीत. रक्तदाब कोसळत असेल तर अर्थातच थांबू नये. हेपारिन देऊन तत्काळ धक्का द्यावा.

संधिवाती तापाने द्विदल झडप आकुंचित झालेले रुग्ण आपल्याकडे अद्याप येतात. त्यांना नव्या गोळ्यांऐवजी वॉरफॅरिनच द्यावे. २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात संधिवाती हृदयविकाराच्या रुग्णांत तेच सरस ठरले. आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान राखावा. मेथी-पालक वर्ज्य करण्याची ताकीद देऊ नकोस, रोजच्या खाण्यात एकाएकी फेरफार न करण्याची दे.

धडधड थांबली की गोळी थांबवावी, ही समजूत फार घातक आहे. तेव्हा रुग्णाला घरी सोडताना गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची व तपासणीस केव्हा यायचे, हे कागदावर मराठीत लिहून दे, आणि घरच्या माणसाकडून ते वाचून घे.

तुझा मामा